कार्यशाळा होतात, अभिप्राय चांगले येतात, पण प्राध्यापकांचं संशोधन पुढे सरकत नाही. काय बदलावं?

संशोधनकक्ष
नमस्कार. विद्यापीठाच्या संशोधन विकास कक्षाची जबाबदारी नुकतीच आली आहे. शोधनिबंध लेखन, अनुदान प्रस्ताव, संख्याशास्त्र अशा एकदिवसीय कार्यशाळा दर सत्रात होतात. हजेरीही बरी असते. सहा महिन्यांनी चौकशी केली की बहुतेकांचा मसुदा होता तिथेच असतो. येणाऱ्यांत दोन गट आहेत: पीएच.डी. नुकती झालेले, आणि बरीच वर्षं शिकवण्यात गेल्यामुळे संशोधन सुटलेले. कक्षात माणसं दोनच, पैसा बेताचा. सुरुवात कुठून करावी?

मसुदावाचक
कार्यशाळेत माणूस ऐकतो, टिपणं काढतो आणि घरी जातो. त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या निबंधाची एक ओळही लिहून होत नाही. त्यामुळे पुढच्या सत्रात दोन कार्यशाळा कमी करा आणि एक लेखनगट सुरू करा. सहा ते आठ जण, दहा आठवडे, दर आठवड्याला ठरलेल्या वारी दोन तास. हे दोन तास वेळापत्रकात मोकळे ठेवल्याचं विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर चाललेला गट परीक्षांचं काम सुरू झालं की मोडतो.

बैठकीची रचना साधी ठेवा. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने आज काय लिहिणार ते सांगायचं. ‘पेपरवर काम करणार’ हे चालणार नाही. ‘तक्ता २ वरचे दोन परिच्छेद’ हे चालेल. मग पंचेचाळीस मिनिटं लेखन, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा पंचेचाळीस मिनिटं, आणि शेवटी काय झालं, काय राहिलं ते सांगायचं. संदर्भ शोधणं, आकडेमोड, मेल ही कामं या वेळात करायची नाहीत.

गट फसतो तो बहुधा प्रवेशाच्या अटीवर. विश्लेषण न झालेली माहिती घेऊन चार जण आले की लेखनाच्या जागी चर्चाच होते. तक्ते आणि आकृत्या तयार असतील त्यांनाच घ्या. बाकीच्यांसाठी विश्लेषणाची वेगळी वेळ ठेवा. पहिल्याच आठवड्यात जर्नल ठरवायला लावा. त्यातले ताजे तीन निबंध घेऊन प्रस्तावना किती शब्दांची आहे, पद्धतीला किती जागा दिली आहे, दावा कुठे मांडला आहे हे मोजायला सांगा. सहाव्या आठवड्यात मसुद्यांची अदलाबदल करा. वाचणाऱ्याने तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची: मुख्य दावा कोणता, पुरावा कुठे तोकडा पडतो, वाचताना कुठे अडकलो. व्याकरणाला हात लावायचा नाही, नाहीतर सगळी शक्ती स्वल्पविरामांवर खर्च होते.

प्रस्तावतपासनीस
वरच्याशी सहमत. अनुदान प्रस्तावांबद्दल थोडं लिहितो.

अंतिम तारखेच्या निदान दहा आठवडे आधी फक्त एक पान मागवा: प्रश्न काय, आजवर काय झालं, पोकळी कुठे आहे, उद्दिष्टं, आणि हे काम याच व्यक्तीने का करावं. हे पान विषयातल्या एकाने आणि विषयाबाहेरच्या एकाने वाचावं. बाहेरच्या वाचकाला प्रश्न कळला नाही तर पुढची वीस पानं लिहून उपयोग नाही. पूर्ण मसुदा चार आठवडे आधी यावा. शेवटचे दोन आठवडे अंदाजपत्रक आणि सह्यांसाठी राखा, त्यांना नेहमीच जास्त वेळ लागतो. योजनेच्या पात्रतेच्या अटी मात्र पहिल्याच दिवशी वाचून घ्या.

सर्वांत जास्त दुरुस्ती उद्दिष्टांमध्ये लागते. ‘उत्प्रेरकाच्या कार्यक्षमतेचा अभ्यास करणे’ हे उद्दिष्टच नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे कोणी सांगू शकत नाही. ‘२५ ते ४५ अंश सेल्सिअस या टप्प्यात उत्प्रेरकाची कार्यक्षमता किती बदलते ते मोजणे’ असं लिहिलं की पद्धत, वेळ आणि खर्च तिन्ही त्यातूनच निघतात. दुसरी हमखास चूक म्हणजे दुसरं आणि तिसरं उद्दिष्ट पहिल्याच्या यशावर टांगलेलं असणं. पहिला प्रयोग फसला की सगळा प्रकल्प कोसळतो, आणि समीक्षकाला ते लगेच दिसतं.

संख्याशास्त्राची कार्यशाळा बंद करून आठवड्यातून एकदा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सल्लाभेटी ठेवा, त्याही माहिती गोळा करण्याआधी. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदन करायला सांगणं, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ मध्येच म्हणाले होते. नमुना किती घ्यायचा हा प्रश्न नंतर सुटत नाही.

संशोधनकक्ष
खूप उपयोगी. दोन अडचणी उरतात. ज्येष्ठ मंडळी संकोचामुळे येतच नाहीत. आणि प्रशासन फक्त निबंधांची संख्या आणि इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा) विचारतं.

दीर्घपल्ला
ज्येष्ठांना ‘प्रशिक्षण’ म्हणून बोलावू नका. त्यांच्याकडे विषयाची खोल जाण असते. कमी असते ती नव्या साधनांची सवय आणि सलग वेळ. नुकती पीएच.डी. झालेल्याबरोबर जोडी लावा: एक छोटा प्रश्न, एक वर्ष, एक निबंध. लेखकांचा क्रम आणि कामाची वाटणी पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. त्यासाठी क्रेडिट (CRediT) या, निबंधात कोणी कोणतं काम केलं ते नोंदवण्याच्या वर्गीकरणातल्या १४ भूमिका वापरा. संकल्पना, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख हे सगळं त्यात वेगवेगळं आहे. वाद होतात ते हे लिहिलेलं नसतं म्हणून. नव्यांच्या बाबतीत एक वेगळी काळजी घ्या: पीएच.डी.च्या मार्गदर्शकापासून वेगळा, स्वतःचा प्रश्न पहिल्या दोन वर्षांत उभा राहायला हवा. आणि वार्षिक मूल्यमापन लिहिणारी व्यक्ती मेंटॉर नको. तिच्यासमोर कोणी खरी अडचण सांगत नाही.

प्रशासनाशी बोलताना संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचा, म्हणजे डोराचा (DORA) आधार घ्या. इम्पॅक्ट फॅक्टर ही जर्नलची सरासरी आहे; मोजके गाजलेले निबंध ती वर खेचतात, त्यामुळे एकेका निबंधाचं मोल त्यावरून ठरत नाही. एच-इंडेक्सही (संशोधकाच्या किती निबंधांचा निदान तितक्याच वेळा संदर्भ दिला गेला तो आकडा) सहसा वयाबरोबर वाढतच जातो, म्हणून नव्या-जुन्यांची किंवा दोन विषयांची त्यावरून तुलना करू नये. नुसता विरोध नको, पर्यायी नोंदी द्या: पाठवलेले मसुदे, सुधारून परत पाठवलेले मसुदे, गेलेले प्रस्ताव, खुले केलेले डेटासंच. प्रत्येकाचा १६ अंकी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काढून घ्या, नाहीतर नावाच्या तीन स्पेलिंगांमुळे एकाच माणसाचं काम तीन ठिकाणी विखुरतं.

मसुदावाचक
एक राहिलं. बरेच मसुदे जर्नलच्या ‘मोठी सुधारणा करा’ या पत्रानंतर कायमचे पडून राहतात. पत्र आल्यावर दोन दिवस थांबायचं, मग तीन रकान्यांचा तक्ता करायचा: समीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं, आपलं उत्तर, आणि मसुद्यात कुठे काय बदललं. पटत नसेल तिथे ‘बदल केला नाही, कारण’ असं शांतपणे लिहायचं आणि पुरावा जोडायचा. हा तक्ता कक्षात कोणासोबत तरी बसून भरायची सोय करा. पत्र आल्यापासून आठवड्याभरात ती बैठक झाली पाहिजे.