चित्रीकरण व्हावे, पण प्रयोगाचेच

संगीत नाटके दूरचित्रवाणीसाठी चित्रित केली तर प्रेक्षक घरीच बसतील, हा आक्षेप इंदूरमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला पटत नाही. 'सानंद' या इथल्या सांस्कृतिक संस्थेमुळे पुण्या-मुंबईची नाटके आमच्याकडे येतात हे खरे. परंतु ऑर्गन, तबला आणि गाणारे नट घेऊन एवढा प्रवास करणे खर्चाचे असल्याने, माझ्या पाहण्यात तरी, त्यांत संगीत नाटक क्वचितच असते. जे पाहायलाच मिळत नाही, त्याचा प्रेक्षक घटणार कसा? शिवाय १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल'पासून बहरलेल्या या परंपरेतले बालगंधर्वांचे गाणे आज आपल्यापर्यंत पोहोचते ते मुख्यतः तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांतून, आणि रंगमंचावर तेच पद 'वन्स मोअर' घेत कसे फुलत असेल, याची आपल्याला केवळ कल्पनाच करावी लागते. माझा आग्रह एवढाच, की चित्रीकरण भरलेल्या नाट्यगृहातील प्रयोगाचेच व्हावे, साथीदारही चौकटीत दिसावेत आणि वेळ वाचवण्यासाठी पदे छाटली जाऊ नयेत. नट तान घेत असताना कॅमेरा नेमका शेल्याच्या जरीवर का जातो, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.