व्याघ्र प्रकल्पांबाबत अंतिम अधिकार कोणाचा, राज्याचा की केंद्राचा?

प्रश्न (वारणाकाठ):
आमच्या भागातील चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. नाक्यावरचा वनरक्षक राज्याचा, पण प्रकल्पाच्या आराखड्याला मंजुरी दिल्लीची. दोन्ही सरकारे हे अधिकार नेमके कसे वाटून घेतात? उद्या राज्याला एखाद्या उद्यानाची हद्द कमी करावीशी वाटली, तर त्याला कोणी अडवू शकते का?

उत्तर (निवृत्त वनाधिकारी):
हद्दीचे आधी सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. वने आणि वन्यजीव हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघेही कायदे करू शकतात अशा विषयांत, आले, तरी वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार उद्यान घोषित करते ते राज्य शासनच, आणि रोजचा कारभारही राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या हाताखाली चालतो. हद्दीत बदल करायचा झाला, तर मात्र राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. पंतप्रधान त्या मंडळाचे अध्यक्ष असतात आणि बहुतेक प्रस्ताव केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांच्या स्थायी समितीपुढे निकाली निघतात. २००२ च्या दुरुस्तीपूर्वी यासाठी राज्य विधिमंडळाचा ठराव आवश्यक असे. माझ्या मते त्या ठरावाच्या निमित्ताने होणारी जाहीर चर्चा आपण गमावली, आणि हे नुकसान लहान नाही.

उत्तर (म्हादईखोरे):
वरील उत्तराला गोव्याची जोड देतो. व्याघ्र प्रकल्प राज्याने अधिसूचित करायचा, पण तो केंद्राच्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या शिफारशीवरून, असे कायदा म्हणतो. गोव्यातील म्हादई अभयारण्य परिसराबाबत शिफारस होऊनही अधिसूचना निघाली नाही, तेव्हा जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती तीन महिन्यांत काढण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. दोघांचे एकमत नसले की संयुक्त देखरेख शेवटी न्यायालयाच्या दारात जाते. पैशाच्या बाबतीतही दोघे बांधलेले आहेत: प्राधिकरण, राज्य शासन आणि प्रकल्पाचे क्षेत्र संचालक यांच्यात त्रिपक्षीय करार होतो, आणि आपल्यासारख्या राज्यांत आवर्ती (नेहमीचा) खर्च निम्मा-निम्मा, तर अनावर्ती (एकदाच होणारा) खर्च केंद्र ६० व राज्य ४० टक्के असा वाटला जातो.

उत्तर (पेंचवासी, नागपूर):
माझी काळजी उद्यानांच्या मधल्या जमिनीची आहे. तेथे वाघ फिरतो, पण ती कोणत्याच उद्यानात मोडत नाही. दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा पट्टा घातक कामासाठी वळवायचा असेल, तर कायद्याने प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय मंडळाची मान्यता बंधनकारक केली आहे. पण हे कलम प्रत्यक्षात उतरते ते महामार्ग, वन विभाग आणि शास्त्रज्ञ एका टेबलाशी बसले तरच. पेंचलगतच्या राष्ट्रीय महामार्गावर, बराच न्यायालयीन वाद झाल्यानंतर, वन्यप्राण्यांसाठी नऊ अधोमार्ग उभे राहिले, त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. वर ट्रक धावत असताना खालून जाणारे वाघ तेथील कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत. सह्याद्रीतही चांदोलीपासून दक्षिणेकडे गोवा-कर्नाटकापर्यंतचा जंगलपट्टा असाच जोडलेला राहायला हवा, आणि त्यासाठी केंद्राबरोबर तीन राज्यांचे एकमत लागेल.