मदत हवी आहे: नव्या चष्म्यातून कॅरम बोर्ड कललेला दिसतो

चार दिवसांपूर्वी नवा चष्मा आला. डाव्या डोळ्याला नंबर नाही, उजव्याला पहिल्यांदाच सिलिंड्रिकल (एकाच दिशेत लागू होणारा नंबर): -१.२५, ॲक्सिस (त्याची दिशा सांगणारा कोन) १८०. अक्षरं झकास दिसतात, पण कॅरमला बसलो की बोर्डाची उजवी कड खाली गेलेली दिसते. पार्टनर म्हणतो, हरणाऱ्याला बोर्ड वाकडाच! शेवटी पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोब्बर मध्ये. कुठलाही एक डोळा झाकला की बोर्ड सपाट. घरातल्या फरशीवर फारसं जाणवत नाही, सोसायटीच्या हिरवळीवर मात्र उतारावर चालल्यासारखं वाटतं. काच चुकीची बसलीय का?

प्रतिसाद १:
मलाही झालं होतं, आठवड्यात गेलं. तोवर जिना उतरताना कठडा धरा.

प्रतिसाद २:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणं हे माझं काम. एक डोळा झाकून पाहिलंत ते बरं केलंत. काच बहुधा बरोबर आहे, घोळ दोन डोळ्यांच्या हिशेबाचा आहे.

डोळ्यांत साधारण ६३ मिमी अंतर असतं, त्यामुळे दोन्ही प्रतिमा किंचित वेगळ्या. पृष्ठभागाची उजवी बाजू लांब गेली, की तो उजव्या डोळ्याला आडवा जास्त रुंद दिसतो. त्यावरून मेंदू कल ठरवतो. तुमची काच मात्र प्रतिमा उभ्या दिशेने सुमारे दीड टक्का आकसते, रुंदी तेवढीच. मग कल का? डाव्या डोळ्याची प्रतिमा उंच, म्हणजे वस्तू डावीकडे, त्या डोळ्याला जवळ आहे, असं मेंदू धरतो. तसं असेल तर डाव्या डोळ्याची प्रतिमा रुंदही हवी. ती नाही, म्हणून उजवी बाजू लांब गेली असणार! बोर्डाकडे वरून पाहताना लांब म्हणजेच खाली. दृष्टीचे संशोधक केनेथ ओगल यांनी हा परिणाम १९३८ साली मांडला. शिकताना मला तो निव्वळ चमत्कार वाटला होता. ५० सेंमीवरच्या बोर्डाला दीड टक्क्याच्या फरकाने जवळपास ७ अंशांचा कल आल्यासारखा दिसतो.

फरशीच्या सांध्यांच्या सरळ रेघा मेंदूला सावरतात, हिरवळीवर तसा आधार नाही.

चष्मा सलग वापरा, काढघाल नको. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर ॲक्सिस आणि फ्रेमचं फिटिंग तपासून घ्या. एकाचे दोन दिसू लागले तर मात्र थेट डॉक्टरांकडे.

धागाकर्ता:
अरेच्चा, मी नेमका खेळतानाच काढून ठेवतोय! शनिवारी स्पर्धा आहे, तोवर सवय होईल?

प्रतिसाद २:
सांगता येत नाही. आजपासून घालूनच सराव करा. स्ट्रायकर मारताना पार्टनरचं ऐकू नका, इतकंच.