मदत हवी आहे: गिझर, कुकर, शेगडी घेताना आयएसआय खरा की खोटा, कसं ओळखायचं?

वाघोलीकर
नमस्कार मंडळी. पुण्याजवळ वाघोलीत बावीस मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, पाणी बोअर आणि टँकरचं. 25 लिटरचा गिझर, पाच लिटरचा कुकर, शेगडी आणि एलईडी बल्ब घ्यायचे आहेत. तापकीर गल्ली आणि तुळशीबागेत चौकशी केली. प्रत्येक खोक्यावर आयएसआय, आयएसओ, सीई असं काही ना काही छापलेलं आहे आणि भावात बराच फरक. दुकानात उभ्या उभ्या तपासायचं कसं?

पक्कड
सीई आणि आयएसओ आधी बाजूला ठेवा. आयएसओ 9001 हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, तुमच्या हातातल्या कुकरशी त्याचा संबंध नाही. सीई युरोपच्या बाजारासाठी असतं आणि बहुतेक घरगुती वस्तूंवर उत्पादक ते स्वतःच लावतो.

आयएसआय पाहताना तीन गोष्टी एकत्र हव्यात: वर आयएस (भारतीय मानक) क्रमांक, मध्ये खूण, खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. गिझरला आयएस 2082, कुकरला आयएस 2347, शेगडीला आयएस 4246. नुसतीच खूण असेल तर ती वस्तू घेऊ नका. खोक्यावर विसंबू नका, वस्तूवरच पाहा.

मग बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो परवाना क्रमांक टाका. क्रमांक सापडला की लोक निश्चिंत होतात आणि तिथेच फसतात, कारण नकली मालावर दुसऱ्याचा खरा क्रमांक छापलेला असू शकतो. ॲपमध्ये दिसणारं कारखान्याचं नाव, पत्ता आणि आयएस क्रमांक वस्तूवरच्या मजकुराशी जुळवा. परवाना कारखान्यागणिक मिळतो, त्यामुळे एकाच ब्रँडच्या दोन कुकरांवर वेगळे क्रमांक असले तरी त्यात काळंबेरं नाही. मुदत संपलेली दिसली तर निर्मितीची तारीख बघा. परवाना चालू असताना बनलेला माल चालतो.

वाघोलीकर
धन्यवाद! बल्बवर आयएसआय नाही, 'आर' आणि पुढे आकडे आहेत. आणि गिझरचे स्टार किती घ्यावेत?

टेस्टर
बल्ब, मोबाइल चार्जर, पॉवर बँक यांची बीआयएसकडे नोंदणी असते. 'आर'नंतर आठ आकडे हवेत आणि वर आयएस क्रमांक, बल्बला 16102. त्याच ॲपमध्ये हाही तपासता येतो.

स्टार बीईईचे, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे असतात. ते फक्त विजेचं सांगतात, सुरक्षिततेचं नाही. गिझरमध्ये भरून ठेवलेलं गरम पाणी 24 तासांत किती उष्णता घालवतं यावर ते ठरतात. लेबलवरचा कालावधी जरूर वाचा. निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून जुन्या लेबलचे पाच स्टार आणि आजचे पाच स्टार सारखे धरू नका. सकाळी तापवून लगेच वापरणार असाल तर स्टारपेक्षा टाकी आणि दाबाकडे लक्ष द्या.

तुमच्या बाबतीत दाब फार महत्त्वाचा. गच्चीवरची टाकी तुमच्या वर अठरा मजले, म्हणजे सुमारे 54 मीटर. दर 10 मीटरला अंदाजे 1 बार (दाब मोजायचं एकक), म्हणजे साडेपाच बारच्या आसपास. मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे का, सोसायटीत विचारा. काहीही असो, गिझरच्या माहितीपट्टीवर 8 बार किंवा 0.8 एमपीए (दोन्ही एकच) लिहिलेलाच घ्या. आयएसआय असूनही कमी दाबाचं मॉडेल तुमच्या इमारतीत गळू शकतं. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षार चढतात, ते कोणताही शिक्का थांबवत नाही. कॉइल आणि अ‍ॅनोड रॉड (टाकीला गंजण्यापासून वाचवणारी कांडी) वर्षातून एकदा उघडून पाहायला सांगा. 2 किलोवॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, 6 अँपिअरच्या प्लगवर लावलात तर सॉकेट वितळेल. 16 अँपिअरचंच हवं.

पक्कड
शेगडीसोबत नळीही बघा, ती बऱ्याचदा राहून जाते. आयएस 9573ची, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि नळीवर छापलेलं साल वाचा. पाच वर्षं झाली की बदला.

वाघोलीकर
एका दुकानात कुकरवर खूण आहे, पण सीएम/एल कुठेच नाही. दुकानदार म्हणतो, "खोक्यावर आहे ना!"

टेस्टर
घेऊ नका. 2021 पासून कुकरला आयएसआय सक्तीचा आहे आणि क्रमांक भांड्यावरच हवा. आधीच घेतला असेल तर बिल आणि खुणेचा स्पष्ट फोटो जोडून बीआयएस केअरमधूनच तक्रार टाका. पैसे परत मिळवण्यासाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. बिल नसेल तर दोन्हीकडे अडेल, म्हणून तुळशीबागेत घेतानाही पक्कं बिल मागा आणि त्यावर मॉडेलचं नाव लिहून घ्या.