बाई गेल्या, लेकाला कसं सांगू?

सोलापुरी_आई
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा 17 वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. आधी एका साध्या शाळेत घातला होता, तिथे दोन महिन्यांत 'अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात ना' म्हणून दाखला हातात ठेवला. मग विशेष शाळेत ह्या बाई भेटल्या. दहा वर्षं. वर्ग बदलले तरी ह्याचं सगळं बाईच. मागच्या मंगळवारी गेल्या, हार्ट अटॅक. रिटायर व्हायला दोन वर्षं होती.

एकच सांगते. शर्टाचं बटण. मी घरी आपली पहिल्यापासून शिकवायचे, हे धर, काजात घाल, पलीकडून ओढ, आणि तो रडायचा आणि मग मीही. बाईंनी उलटं केलं. बटण काजातून जवळजवळ पूर्ण बाहेर काढून ठेवायच्या, त्याने फक्त शेवटचं ओढायचं. ओढलं की "लावलंस की रे!" म्हणून टाळी. मग पुढच्या आठवड्यात बटण थोडं कमी बाहेर, मग अजून कमी. चार महिने लागले. पण त्या चार महिन्यांत रोज बटण "त्यानेच" लावलं होतं, एकदाही हरला नाही.

आता रोज रिक्षात बसताना विचारतो, "बाई?" मी घाबरून बोलून गेले की बाई गावाला गेल्यात. तर आता कधी येणार म्हणून मागे लागलाय, कालनिर्णयवर रविवारला पेनाने गोल करून ठेवलाय. शनिवारी शाळेत शोकसभा आहे. नवरा म्हणतो नको नेऊ, त्याला काय कळणार. सासूबाई म्हणतात देवाघरी गेल्या म्हण. काय करू?

फळा_खडू
मी 22 वर्षं विशेष शिक्षिका आहे. आधी बाईंना नमस्कार. ते जे बटणाचं केलं त्याला आमच्यात बॅकवर्ड चेनिंग म्हणतात, ट्रेनिंगमध्ये सगळ्यांनाच शिकवतात, पण वर्गात आठ-दहा मुलं, एकाला शू आलीय, एक टेबलाखाली, आणि त्यात एका बटणाला चार महिने द्यायचे ही वेगळी गोष्ट आहे हो.

'गावाला गेल्या' आजच मागे घ्या. आपली मुलं शब्द जसाच्या तसा धरतात. झोपल्या म्हटलं तर रात्री झोपायला घाबरतील. माझ्या वर्गातल्या एका मुलीला घरच्यांनी आजोबा देवाघरी गेले सांगितलं होतं, तर ती देवळाबाहेर चपलांच्या ढिगात आजोबांच्या चपला शोधत बसायची. सरळ सांगा: बाई मरण पावल्या, त्यांचं शरीर बंद पडलं, आता शाळेत येणार नाहीत. ('मेल्या' म्हणायला जीभ रेटत नाही कळतं मला, मराठीत ती शिवीच वाटते, पण कुंडीतलं झाड मेलेलं त्याने बघितलं असेल तर तोच शब्द त्याला लवकर कळेल.) पन्नासदा विचारेल, पन्नासदा तेच उत्तर, तेच शब्द. आणि 'त्याला काय कळणार' याला काही अर्थ नाही, रोजचं माणूस दिसत नाहीये हे त्याला तुमच्याआधी कळलंय.

धाकटा_भाऊ
फळा_खडू, बाकी पटलं पण शोकसभेला पूर्ण वेळ नेऊ नका असं मी म्हणेन. माझ्या ताईला सेरेब्रल पाल्सी आहे, तिच्या बाईंच्या वेळी आम्ही नेली होती, दीड तास भाषणं, माइक कर्कश, आणि बोलणारे निम्मे लोक बाईंना ओळखतही नव्हते. ताई कान दाबून बसली आणि पुढे महिनाभर शाळेच्या गेटपाशी रडायची. लोक जमायच्या आधी न्या, फुलं वाहू दे, परत आणा.

तिच्या बाईंनी आईला निरामयचा फॉर्म स्वतः बसून भरून दिला होता, एक लाखाचा आरोग्य विमा, आम्हाला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. अवांतर पण महत्त्वाचं: लेक 17 चा आहे ना? 18 पूर्ण झाले की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची लोकल लेव्हल कमिटी असते, तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आत्तापासून कागद जमवा.

पणती
वाचून भरून आलं. आमच्या शाळेतल्या ताई दिवाळीत पोरांनी रंगवलेल्या पणत्या विकायला सोसायटीच्या गेटवर स्वतः उभ्या राहायच्या. कुणी 'बिचारी मुलं' म्हणून जास्त पैसे दिले की सुट्टे परत द्यायच्या, वर एक पणती जास्त नाही की कमी नाही.

सोलापुरी_आई
सगळ्यांचे आभार. शुक्रवारी रात्री सांगितलं, फळा_खडूंनी लिहिलं तसंच. काही बोलला नाही, जेवला. शनिवारी साडेनऊलाच नेलं, हॉलमध्ये फक्त शिपाईमामा खुर्च्या मांडत होते. फोटोवरचा हार बाईंच्या चष्म्यावर आला होता तो ह्याने बाजूला केला. मग म्हणाला "डबा?" बाई रोज त्याच्या डब्यातला एक घास खायच्या. मी म्हटलं आता नाही खाणार.

घरी येऊन रविवारचा गोल खोडरबराने खोडत बसला, पेनाचा तो, कागद फाटला. आजही रिक्षात विचारलं, मी तेच उत्तर दिलं.

धाकटा_भाऊ, अर्जाला काय काय कागद लागतात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? ह्याचे मार्चमध्ये 18 पूर्ण होतात.