ब्रेस्ट कॅन्सर: केमो घ्यायची की नाही, तुम्ही कसं ठरवलं? (अनुभव धागा)

बिबडेवाली
आज सकाळी गच्चीवर बिबडे (आपले ज्वारीचे पापड) टाकत होते, आणि समोरच्या घरची सून हातात तो ओळखीचा खाकी लिफाफा घेऊन जिन्यात उभी. काकू, तुम्ही केमो घेतली नव्हती ना? मग माझं काय? एवढंच बोलली. मी हात धुवायचं विसरले, तशाच पिठाच्या हातांनी रिपोर्ट धरला, आता त्याच्या कोपऱ्यावर माझा अंगठा उमटलाय.

माझं 2019 चं. जळगाव. वय 53, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. गाठ 1.6 सेंटीमीटर, तेवढीच काढली, काखेत पसरलेलं नाही. ईआर पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (ते प्रथिन जास्त नाही), ग्रेड 2 (मधली). ऑपरेशनला घाबरले नाही पण नंतर डॉक्टर म्हणाले तुमचं काठावरचं आहे, केमोचं आपण मिळून ठरवू, तिथं पाय गळाले. मला वाटायचं डॉक्टर सांगतात आणि आपण घेतो. आपल्याला विचारतात हेच माहीत नव्हतं.

घरात मग बाजार भरला. दीर म्हणे पैशाकडे बघू नका, घेऊन टाका. नणंद म्हणे आमच्या गल्लीतली केमोनेच गेली. नवरा गप्प, रात्री बाराला उठून नळ बंद आहे का बघायचा. सासूबाई 80 च्या, त्या एकट्याच म्हणाल्या, "तिले इचारा ना कोनी तरी."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर प्रेडिक्ट म्हणून इंग्लंडमधलं काहीतरी उघडलं, वय, गाठ, ग्रेड भरलं आणि मग चिठ्ठीच्या मागे पेनाने शंभर टिंबं काढली, खरंच मोजून. म्हणाले ह्या तुमच्यासारख्या शंभर बायका, हार्मोनच्या गोळीच्या वर केमो पण दिली तर दहा वर्षांनी जास्तीच्या ह्या दोघी वाचलेल्या असतील. दोन टिंबांना गोल. आता दोन म्हणजे थोडे की खूप? त्या दोघींत मीच असले तर? बसमध्ये घरापर्यंत ती चिठ्ठी बघत आले.

मग ऑन्कोटाईप टेस्ट केली, गाठीतल्या जीन्स तपासून कॅन्सर परत यायचा धोका स्कोअरमध्ये सांगतात ती. गाठीचा तुकडा अमेरिकेला जातो, माझ्या आधी माझी गाठ विमानात बसली. त्या वर्षीचं कपाशीचं पेमेंट त्यातच गेलं. स्कोअर 17. काखेत नाही, पन्नाशी उलटलेली आणि 25 पर्यंत स्कोअर, तर केमोने जास्तीचा फायदा दिसत नाही, 2018 ला मोठा अभ्यास आलाय म्हणाले. नाही घेतली. रेडिएशन घेतलं, आणि लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी पाच वर्षं. (त्या गोळीने सांधे असे धरतात की पोळपाटावर डोकं ठेवून रडलेय, ते कोणी आधी सांगत नाही.)

पण ही पोरगी 36 ची आहे, रिपोर्टही वेगळा, माझं उत्तर तिला चालणार नाही. घेतली असेल तरी लिहा, नसेल तरी लिहा.

शेवभाजी
वाचतेय. बिबड्यात तीळ घालता का?

स्कूटीवाली
चोपडा, 2021, वय 38, ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह). ठरवायला काही नव्हतंच, आमच्यासारख्यांना ती हार्मोनची गोळी लागूच पडत नाही त्यामुळे गाठ दोन सेंटीमीटरची असून केमो घ्यावीच लागली, मी दोन रात्री रडले आणि तिसऱ्या दिवशी डबा भरून गेले. चार लाल औषधाच्या केमो, मग दर बुधवारी एक अशा बारा. लाल म्हणजे अगदी रसना. दुसऱ्या दिवशी लघवी लाल, मला सांगितलेलंच नव्हतं, बाथरूममधून अशी ओरडले की शेजारचे आले. केस सोळाव्या दिवशी गेले. पण महिना मे! आपल्याकडे 45 डिग्रीत सगळ्याच बाया डोळ्यांपर्यंत स्टोल गुंडाळून, मी टकली अख्खं चोपडा स्कूटीवर फिरले, विगचे पैसे वाचले. जूनमध्ये पाऊस पडला आणि सगळ्यांनी स्टोल काढले तेव्हा अडचण झाली 😂

शेवभाजी
रसना 😂 माय व माय

भुसावळ जंक्शन
मी पुरुष आहे, चालेल ना. मिसेसचं 2016 ला, वय 47, काखेतली एक गाठ पॉझिटिव्ह निघाली. इथे म्हणाले द्या, मन मानेना म्हणून परळला टाटाला फाईल दाखवली, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, चार दिवस वरणभात आणि लोकांच्या फायली. तिथेही म्हणाले द्या. त्यांनी लिहून दिलं, घेतली जळगावलाच, तेव्हाच्या राजीव गांधी जीवनदायी (आताच्या महात्मा फुले) योजनेत बसलं. तब्येत चांगली आहे, पायाला मुंग्या अजून येतात, चप्पल निसटली तर कळत नाही. पण परवा भांडणात बोलली, तुम्ही हो म्हणालात, मला कोणी विचारलं? आठवून बघितलं तर खरंच, डॉक्टर माझ्याशी बोलत होते आणि ती बाकावर पिशवी धरून बसली होती. आज नऊ वर्षांनी काय बोलणार. चहा करून दिला.

केळीचा घड
गव्हांकुराचा रस सकाळी अनशापोटी. केमोची गरजच पडत नाही. आमच्या मामींना फरक पडला.

स्कूटीवाली
दादा मी पण प्यायले हो, केमोच्या सोबत, त्याने केमो टळत नाही. पांढऱ्या पेशी 900 वर आल्या तेव्हा डॉक्टरांनी पहिला तो कच्चा रसच बंद केला, वर काकडी, कोशिंबीर, बाहेरचं भरीत सगळं बंद. मामींना गाठ कसली होती तेवढं लिहा.

केळीचा घड
मामींना विचारून सांगतो

मोरपीस
माझं खरं काठावरचं. वय 44, पाळी चालू, काख साफ, स्कोअर 21. पन्नाशीच्या आत 16 ते 25 मध्ये थोडा फायदा दिसतो, पण तो केमोच्या औषधाचा की केमोने पाळी बंद पडते त्याचा, हे ठाम सांगता येत नाही असं डॉक्टरच म्हणाले. दुसरा रस्ता म्हणजे पाळी बंद करायचं इंजेक्शन आणि गोळी. चार रात्री मी एका कागदावर दोन्हीकडे लिहायचे आणि फाडायचे. शेवटी केमो घेतली, चार, दर 21 दिवसांनी, आणि कारण काय तर मुलगी सहावीत होती. हे डॉक्टरी कारण नाही, माहितीये. तिसऱ्या वेळी 101 ताप, रात्री दोनला ॲडमिट, तेव्हा वाटलं कशाला हौस केली. आता वाटत नाही. कधीकधी वाटतं.

तापीकाठ
आई शहाद्याची, वयाच्या 71 व्या वर्षी निघालं, आम्ही तिकडचे म्हणून सुरतला नेलं. हार्मोनवालं. डॉक्टर म्हणाले या वयात थोडाच फायदा, त्रास नक्की. आईने विचारलं, "घेतलं तं किती दिन वाढतीन?" तो गुजराती डॉक्टर हसला, त्याला अहिराणी कळली असावी. नाही घेतली. मी आईच्या बाजूने होते म्हणून भाऊ अजून नीट बोलत नाही, कानबाईच्या सणाला येतो, रोट खातो, जातो. आई आता 76, काल मला फोनवर कैऱ्या कुठल्या आणल्या म्हणून झापलं. भावाला हे सांगायची सोय नाही.

अबोली
माझ्या ताईने सगळं घेतलं. आठ केमो, रेडिएशन, गोळी. चार वर्षांनी हाडात आलं. मागच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गेली. कोणाला घाबरवत नाहीये, पण केमो घेतली म्हणजे सुटलो असं कोणी म्हटलं की मी उठून आत जाते. झोका अजून बांधलेला आहे तिच्या अंगणात.

स्कूटीवाली
अबोली 🫂

भुसावळ जंक्शन
ताई, काय बोलू.

मोरपीस
अबोली, कधीही मेसेज कर.
बिबडेवाली, एक विचारायचं राहिलं, त्या सुनेला अजून मूल हवंय का? असेल तर केमोच्या आधी बोलायला लावा, अंडी गोठवून ठेवता येतात, सुरू झाल्यावर ते अवघड होऊन बसतं. मला कोणी बोललं नव्हतं, मला गरज नव्हती ती वेगळी गोष्ट.

बिबडेवाली
अगं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एक मुलगा आहे, दुसऱ्याचं चाललं होतं त्यांचं. थांब जाऊन येते.

शेवभाजी
तीळ???

बिबडेवाली
आले जाऊन. तिच्या सासूने दार उघडलं, चहा झाला, सासू पूर्ण वेळ समोर बसून, मग मी म्हटलं हिला जरा गच्चीवर बिबडे उलटायला पाठवा, एकटीने होत नाही. वर आल्यावर बोललो. तिने कागदावर सहा प्रश्न लिहून घेतले, पहिला मुलाचा. गुरुवारी डॉक्टरकडे जातोय, मी, ती आणि नवरा. नवऱ्याला म्हटलंय, डॉक्टरांशी ती बोलेल, तू पिशवी धर.
तीळ घालतेच, लसूण पण. दोन बिबडे कावळ्याने नेले.