आधी ते मेनकापड सोडा
भाऊ, रात्री मेनकापड गच्च बांधूनही सकाळी मिनी ट्रॅक्टरचा स्टार्टर नुसता टकटक करते म्हणता, तर एक गडबड त्या मेनकापडातच आहे. जमिनीतली ओल वर येते, थंड कापडाला आतून थेंब धरतात अन् तेच मीटरवर, चावीच्या भोकात टपकतात. संत्र्याच्या बागेत डिसेंबरात माझंही हेच झालं. आता वर टिनाचा आडोसा, अन् डॅशबोर्डवर फक्त जुनं सुती धोतर. हवा खेळली पाहिजे.

टकटक मात्र बहुतेक बॅटरीची. टोकांवर पांढरं-हिरवट साचलं असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं घासा, कोरडं करा, वायरी घट्ट कसा अन् मग वरून व्हॅसलीन.

हायड्रोलिक लिव्हरच्या, म्हणजे अवजार वर-खाली करायच्या दांड्याच्या, बुडाची रबरी टोपी फाटली का तेही पाहा. मी शहाणपणा करून तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होता. पाणी आत गेलं ते बाहेरच येईना, मार्चात लिव्हर जाम! नवी टोपी टाका, आत ग्रीस भरा. अन् धुताना पाइपाची धार डॅशबोर्डवर नको.